ऑफिसला सायकलने जायचंय, डाव्या कडेने चालवायची की लेनमध्ये? (पुणे)

अर्धाकपचहा

नमस्कार मंडळी, एरवी इथे नुसती वाचत असते, धागा काढायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

कर्वेनगरात राहते आणि ऑफिस शिवाजीनगरला, जंगली महाराज रोडच्या टोकाला. सात-साडेसात किमी भरतं. स्कूटरवर पण सकाळी अर्धा तास जातोच, वर पार्किंग शोधा, म्हणून हिय्या करून सायकल घेतली, हायब्रीड, गिअरवाली. रविवारी पहाटे वारज्याच्या बाजूला चक्कर मारून येते तेव्हा मस्त वाटतं, पण पहाटे साडेपाचचा रस्ता वेगळा आणि सकाळी साडेनऊचा कर्वे रोड वेगळा, तिथे मला काही सुधरतच नाही.

माझा घोळ असा होतो की अगदी कडेने चालवली की चेंबरची झाकणं, खडी, मधेच उभी राहिलेली रिक्षा, पाणीपुरीची गाडी, आणि मग शेवटच्या क्षणी उजवीकडे यावं लागतं आणि नेमका तेव्हाच मागून हॉर्न नाहीतर कोणीतरी एवढ्या जवळून कट मारून जातो की हँडलच थरथरतं. बरं जरा आतून चालवावी तर लोक अंगावर येतात, परवा एका गृहस्थांनी काच खाली करून "ताई, बागेत चालवा की" असं सुनावलं. नवऱ्याचं म्हणणं आहे की हेल्मेट घाल आणि कडेने जा, विषय संपला. सासूबाई काही बोलत नाहीत पण पेपरातल्या अपघाताच्या बातम्या हल्ली मोठ्याने वाचतात.

तर जे रोज ऑफिसला सायकलने जातात त्यांनी सांगा, रस्त्यावर नेमकी कुठे चालवायची? आणि "सायकल ट्रॅक आहे की" असं लिहिणार असाल तर आधी एकदा त्यावरून चालवून या आणि मग लिहा, प्लीज.

पायडल_मारा

ताई, आधी अभिनंदन. आता थेट मुद्द्याचं, कडेला चिकटू नका. नवीन सायकलवाल्याला सगळे हेच शिकवतात की एकदम कडेने जा आणि निम्मे कट त्याच्यामुळेच बसतात.

असं बघा, तुम्ही कडेला चिकटलेल्या असलात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं "बसतंय की" आणि तो त्याच लेनमधून तुमच्या शेजारून घुसवतो, त्याला स्टिअरिंग हलवावं पण लागत नाही. तुम्ही कडेपासून हातभर, म्हणजे निदान तीन फूट आत असलात की त्याला ठरवावं लागतं, थांबायचं का उजवीकडून ओव्हरटेक करायचं. तो चिडेल, हॉर्न मारेल, मारू दे, हॉर्न मारला याचा अर्थ तुम्ही त्याला दिसलात. ज्याने हॉर्न मारला त्याची भीती नसते हो, ज्याला तुम्ही दिसलाच नाहीत त्याची असते.

रस्ता अरुंद असेल, म्हणजे गाडी आणि सायकल शेजारी शेजारी जाऊच शकत नाहीत असा, तिथे सरळ मधून चालवा आणि पुढे रुंद झाला की डावीकडे येऊन त्याला जाऊ द्या, हात दाखवून बोलवा पण, बरेच लोक उलट थँक्यू म्हणून जातात. ओळीने गाड्या पार्क केलेल्या असतील तर उघड्या दाराएवढं अंतर सोडून एका सरळ रेषेत चालवायची. दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आत घुसायचं आणि परत बाहेर यायचं, हे अजिबात करू नका, मागच्याला तुम्ही मधेच गायब होता आणि मधेच उगवता.

पावसाळी जाळ्यांकडे लक्ष ठेवा. काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवलेल्या असतात आणि हायब्रीडचं टायर त्यात बरोब्बर जातं, मी एकाला डोळ्यासमोर हँडलवरून पुढे फेकला गेलेला बघितलाय. पावसात झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा आणि लोखंडी झाकणं यांच्यावर वळू नका आणि ब्रेकही दाबू नका, आधीच सरळ होऊन पार करा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड पकडणारे ब्रेक, असतील तर ओल्या रिमवर पहिला एक क्षण काही लागतच नाहीत, तेवढं अंतर हातात ठेवा. आपल्याकडच्या सायकलींना बहुतेक उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तो एकटाच करकचून दाबला तर काय होतं ते सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाचं आता. सिग्नलला बस, डंपर, सिमेंटचा मिक्सर, पाण्याचा टँकर यांच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका, कितीही जागा दिसू दे. तो डावीकडे वळला की पुढची चाकं तुमच्यापासून लांब जातात आणि मागची आतून येतात, आणि तुम्ही कठडा आणि चाकाच्या मधे. ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसतच नसता. एकतर त्याच्या मागे थांबा नाहीतर इतकं पुढे जा की त्याला काचेतून दिसाल.

आणि मैदानात जाऊन एक गोष्ट घोटून घ्या, उजव्या खांद्यावरून मागे वळून बघताना सायकल सरळ ठेवायची. सुरुवातीला सगळ्यांची सायकल जिकडे मान तिकडे जाते. ते जमलं की मग मागे बघा, हात काढा, मागच्याची नजर मिळाली की आत या. नळस्टॉपच्या उड्डाणपुलावर चढू नका, खालूनच जा.

स्टिअरिंगवाला

मी चारचाकी चालवतो, रोज, आणि शिव्या घालायच्या तर घाला पण दुसरी बाजू पण येऊ द्या की राव.

लेनच्या मधून चालवा हे वाचायला छान वाटतं, पण पुण्यात लेन आहे कुठे? रंगवलेले पट्टे आहेत, लेन नाहीये. माझ्या डावीकडून दोन टू-व्हीलर, उजवीकडून एक, पुढे रिक्षा कधीही थांबणार, कोणीतरी राँग साईडने मोबाईल बघत येतोय, आणि या सगळ्यात पंधराच्या स्पीडने एक सायकल मध्यभागी. मी माणूसच आहे, किती ठिकाणी बघू? काचेच्या बाजूचा जो खांब असतो ना त्याच्याआड अख्खी सायकल मावते, खोटं वाटत असेल तर बसून बघा माझ्या गाडीत.

आणि सायकलवाले सगळे साधुसंत असतात का? रात्री काळे कपडे, लाईट नाही, मागे साधा रिफ्लेक्टर नाही. सिग्नल आपल्यासाठी नसतोच असा अर्ध्यांचा समज. रविवारी सकाळी पाषाण-बाणेरकडे जा, चाळीस हजाराच्या सायकली, तीन तीन जण शेजारी शेजारी गप्पा मारत, आणि हॉर्न वाजवला की असं बघतात जसं काय मी त्यांच्या दिवाणखान्यात चप्पल घालून शिरलोय. अर्धाकपचहा, हे तुम्हाला नाही, तुम्ही निदान विचारताय तरी. पण "हॉर्न मारला म्हणजे तुम्ही दिसलात" असल्या गोष्टी नवीन माणसाला शिकवू नका, एखाद दिवशी एखादा माथेफिरू भेटेल.

पायडल_मारा

@स्टिअरिंगवाला लाईटचं आणि शेजारी शेजारी चालवण्याचं शंभर टक्के मान्य, त्या ग्रुपवाल्यांना आम्ही पण बोलतो. मागे लाल आणि पुढे पांढरा लाईट नसेल तर अंधार पडल्यावर सायकल काढूच नये या मताचा आहे मी.

पण पंधराच्या स्पीडचं म्हणाल तर सकाळी साडेनऊला कर्वे रोडला तुमचा किती असतो हो? तुम्ही मला गरवारे कॉलेजपाशी घाईघाईने कट मारून जाता आणि डेक्कनच्या सिग्नलला मी तुमच्या मागच्या काचेवरचा "गणपती बाप्पा मोरया" वाचत उभा असतो. कट मारून मिळवलं काय?

लेन नाहीत हेही खरं, म्हणून तर कडेला चिकटायचं नाही. लेन असत्या तर गाडीवाला गाडीच्या लेनमध्ये राहिला असता. इथे जिथे दीड फूट मोकळं दिसेल तिथे कोणीतरी घुसणार, त्यामुळे आपल्या शेजारी दीड फूट दाखवायचंच नाही. आणि माथेफिरू कडेने चालवली तरी भेटतोच.

जुनापुणेकर

वाचून गंमत वाटली. आमच्या लहानपणी हा प्रश्न कोणाला पडलाच नसता कारण रस्ताच सायकलींचा होता. लक्ष्मी रोड, टिळक रोडला संध्याकाळी सगळी रहदारी सायकलच्या स्पीडने चालायची, मोटारवाला सुद्धा मुकाट आमच्या मागून यायचा. पण शिस्त कडक होती हे नव्या लोकांना माहीत नसतं. सायकलला पत्र्याचा बिल्ला लागायचा, दरवर्षी पैसे भरून घ्यायचा, तो नसला की चौकात धरायचे. संध्याकाळी दिवा नाही म्हणून धरायचे, डबलसीट दिसली की धरायचे, आणि दंड द्यायला पैसे नसले तर हवालदार दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायचा, मग जा ढकलत घरापर्यंत. डायनॅमोची सायकल असलेला मुलगा कॉलेजात भाव खाऊन जायचा.

मग स्कूटरी आल्या, आकुर्डीला कारखानाच होता, नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. १९७२ ला लुना आली ती पण इथलीच, आणि मग मास्तर, क्लार्क, कॉलेजची पोरंपोरी सगळे पायडल सोडून मोटारवर बसले. लोक म्हणतात पुणेकर आळशी झाले, मला ते पटत नाही. सदाशिव पेठेतून मंडईला सायकल ठीक आहे, पण घर सिंहगड रोडला आणि नोकरी हिंजवडीला असेल तर माणूस काय करणार? शहर लांबत गेलं आणि सायकल मागे राहिली.

ट्रॅकबद्दल अर्धाकपचहा म्हणतात ते बरोबरच आहे. २००६ च्या डिसेंबरात सातारा रोडला बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली त्या सुमाराला बाजूने सायकल ट्रॅक केले होते. मी हौसेने चालवायला गेलो. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी ट्रॅक खाली उतरायचा आणि परत वर चढायचा, मणका ढिला झाला. पुढे एक विजेचा डीपी बॉक्स बरोब्बर मधोमध, त्याच्या पुढे बसस्टॉपची शेड, आणि त्या शेडच्या मागे ट्रॅक संपतो तो संपतोच. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याने आयुष्यात सायकल चालवली नसावी. मग त्याच्यावर आधी टपरी आली, मग दुचाकी पार्किंग, मग उरलेल्या जागेतून राँग साईडच्या दुचाकी. २०१७ ला सगळ्या शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, ८०० किमीच्या वर जाळं आहे त्यात, कागद सुरेख आहेत, वाचा एकदा. त्याच वर्षअखेर त्या भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली पण आल्या होत्या, औंधला, विद्यापीठात. पोरं खूश होती, चालवत पण होती. पण कुठे सीट गायब, कुठे कुलूप तोडलेलं, आणि दोन-तीन वर्षांत सगळा पसारा आवरला. कंपन्यांना धंदा जमला नाही हे एक, पण सायकल दिली आणि चालवायला रस्ता दिलाच नाही, हे त्याच्याहून मोठं.

आइंडहोवनकर

मी मूळचा नाशिकचा, आता नेदरलँड्समध्ये. इथे फेल्डहोवनला चिपची मशीन बनवणाऱ्या मोठ्या कंपनीमुळे मराठी पब्लिक भरपूर आहे आणि जवळपास सगळे सायकलने कामाला जातात, गाडी असून.

तिथून आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात म्हणतो "यांचं काय, यांच्या रक्तातच आहे". अजिबात नाही. १९७१ ला या एवढ्याशा देशात रस्त्यावर ३३०० च्या आसपास माणसं मेली होती आणि त्यात चारशेच्या वर लहान मुलं. तेव्हा इथेही गाडी हेच प्रगतीचं लक्षण होतं, चौक आणि कालव्याकाठ सगळे पार्किंगने भरलेले. मग आईबाप रस्त्यावर उतरले, चळवळीचं नावच "मुलांच्या हत्या थांबवा" असं होतं. त्यात १९७३ ला तेलाचं संकट आलं, सरकारने काही रविवारी गाड्यांना बंदी घातली आणि लोक मोकळ्या हायवेवर सायकली घेऊन गेले, पोरं स्केटिंग करत होती. तिथून पुढे रस्ते बदलायला काही दशकं लागली, एका रात्रीत नाही झालं.

ट्रॅक तर सगळ्यांनी फोटोत बघितलेत, लाल डांबराचे. आमच्या इथे तर सायकलवाल्यांसाठी चौकाच्या वर लटकता गोल पूल आहे, २०१२ पासून, खाली गाड्या आणि वर आपण. पण मला विचाराल तर खरी जादू नुकसानभरपाईच्या कायद्यात आहे. गाडीने सायकलला उडवलं तर नुकसानभरपाई गाडीवाल्याच्या माथी, सायकलवाल्याची चूक असली तरी निदान निम्मी, आणि सायकलवर चौदा वर्षांखालचं पोर असेल तर जवळपास नेहमीच पूर्ण. त्यामुळे ड्रायव्हर जो काही जपून चालवतो ना, संस्कार वगैरे काही नाही, खिसा. दुसरं म्हणजे इथे प्राथमिक शाळेच्या शेवटी-शेवटी मुलांची सायकलची ट्रॅफिक परीक्षा होते, खऱ्या रस्त्यावर, चौकात उभे राहून शिक्षक-पालक मार्क देतात. माझ्या मुलीने दिली, घरी येऊन मलाच ओरडली हात न दाखवता वळलो म्हणून. सायकलवर फोन हातात धरला तर दंड आहे, २०१९ पासून, लाईट नसला तरी दंड. हेल्मेट मात्र कोणी घालत नाही, तुम्ही पुण्यात घाला.

इथे सगळं गोग्गोड आहे असं पण नाही हां, हल्ली जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकलींवर पंधरा-सोळा वर्षांची कार्टी अशी सुसाट जातात की म्हातारी माणसं वैतागलीत.

स्टिअरिंगवाले दादा, एक फुकटची सवय देतो. पार्क करून उतरताना दार उजव्या हाताने उघडू नका, डाव्या हाताने उघडा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डावा हात दाराकडे न्यायचा म्हटलं की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. मागच्या सीटवर डावीकडे बसलेल्यांनी उजव्या हाताने.

सांगलीकर_सध्या_हडपसर

इथे सगळी चर्चा हायब्रीड आणि हेल्मेटवर चाललीय म्हणून लिहितोय. सायकलवाला म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर टाईट कपड्यातला आयटीवाला येतो का? आमच्याकडे सोलापूर रोडला सकाळी सहाला येऊन उभे राहा. वॉचमन ड्युटी संपवून चाललेत, बिगारी कामाला निघालेत, हँडलला डबा अडकवलेला, कॅरिअरला फावडं बांधलेलं, दूधवाले, भाजीवाले. यांच्यासाठी सायकल फिटनेस पण नाही आणि पर्यावरण पण नाही, पेट्रोल परवडत नाही आणि बस वेळेवर नाही म्हणून सायकल. इचलकरंजीला मामाकडे जायचो तेव्हा यंत्रमागाची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, तिथे कोण कोणाला हॉर्न मारणार?

स्टिअरिंगवाले म्हणाले राँग साईड आणि लाईट नाही. राँग साईडचं ऐका आधी. आमच्या इथे एका सोसायटीचा वॉचमन आहे, त्याची खोली रस्त्याच्या पलीकडे, समोर दिसते गेटवरून. डिव्हायडरला कुठे फट नाही. सरळ नियमाने जायचं तर आधी उलट्या बाजूला लांब यू-टर्नपर्यंत जा, कंटेनर आणि एसट्यांच्या मधून वळ, आणि मग तेवढंच परत ये. तो काय करतो, कडेकडेने राँग साईडने जातो आणि क्रॉसिंगला सायकल हातात धरून पलीकडे. तुम्ही त्याला बेशिस्त म्हणा, मी असतो तर मी पण तेच केलं असतं. रस्ता आखताना सायकलवाला कागदावर नव्हताच तर त्याने शिस्त कुठून आणायची?

लाईटचं मात्र खरं आहे आणि त्याला मोठा खर्च नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात लाल रिफ्लेक्टरची चिकटपट्टी मिळते, ट्रकला लावतात ती. मागच्या मडगार्डला हातभर आणि पायडलच्या मागच्या बाजूला एक एक तुकडा. पायडलचा तुकडा वर-खाली होत राहतो ना, त्यामुळे गाडीच्या उजेडात लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे. आमच्या वॉचमनच्या सायकलला मीच लावून दिली, तर दुसऱ्या दिवशी रात्रपाळीचे दोघे सायकली घेऊन हजर.

काळाकोट

कायद्याचं थोडक्यात, कारण यात गैरसमज फार.

सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळे लायसन्स, आरसी, विमा काही लागत नाही. पण म्हणून रस्त्यावर तिचा हक्क कमी होत नाही. सायकल ट्रॅकवर आणि फुटपाथवर मोटार वाहन चालवायला मनाई आहे, स्कूटर धरून. उलट दिशेने मोटार वाहन चालवणं हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलंय, किरकोळ चूक नव्हे.

कोणी धडक दिली तर जखमीला वैद्यकीय मदत मिळेल हे बघणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, कलम १३४. सायकलस्वाराला गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. बरेच गरीब लोक "माझ्याकडे लायसन्सच नाही, मला काय मिळणार" म्हणून हॉस्पिटलचं बिल स्वतः भरून गप्प बसतात, त्यांना हे सांगा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी सरकारी योजना आहे, २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. आणि जखमीला हॉस्पिटलात नेणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, तेव्हा बघ्यांनी घाबरून पळू नये.

नंबर दिसला तर तोंडाने मोठ्याने म्हणत राहा, लिहायला सुचत नाही तेव्हा.

स्टिअरिंगवाला

डाव्या हाताने दार उघडायचं आवडलं, आज करून बघितलं, खरंच मान वळते. वॉचमनचं अर्धं पटलं. त्याची अडचण कळली, पण रात्री तो समोरून माझ्या बंपरवर येतो तेव्हा मला डिव्हायडरची फट दिसत नाही, तो पण दिसत नाही. म्हणजे पट्टी पुढे पण लावा, पांढरी.

आणि एक, सगळा राग गाडीवाल्यांवर काढताय पण आकडे बघा. २०२२ ला देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यात ४४.५ टक्के दुचाकीवाले आणि १९.५ टक्के पायी चालणारे. सायकलवाले तीन टक्क्यांच्या आसपास.

पायडल_मारा

तीन टक्के म्हणजे सायकल सेफ असं नाही हो, सायकली उरल्यात किती? आणि पायी चालणारे साडेएकोणीस टक्के, त्यांनी तर कुठली लेन अडवली नव्हती.

अर्धाकपचहा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सांगलीकर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला पण वाचून दाखवला. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींचा मुलगा सायकलने रात्रपाळीला जातो, त्याच्यासाठी पट्टी आणलीय, लाल आणि पांढरी दोन्ही.

कडेपासून हातभर आत चालवून बघतेय. हॉर्न नक्की वाढलेत, आणि कट कमी झालेत. मागे वळून बघायची प्रॅक्टिस सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली, पोरं हसत होती. सगळ्यात जास्त त्रास गाड्यांचा नाहीच, डावीकडून घुसणाऱ्या आणि समोरून राँग साईडने येणाऱ्या स्कूटरचा आहे, आणि त्यात कॉलेजची पोरं जेवढी तेवढेच डबा घेऊन निघालेले काका. समोरून आला की मी उजवीकडे सरकू का डावीकडे हेच कळत नाही. आणि कर्वे रोड सोडून दुसरा कुठला रस्ता सुचवाल का? डीपी रोडने गेले तर?

पायडल_मारा

समोरून आला की उजवीकडे सरकू नका, मागून काय येतंय ते दिसत नसतं. स्पीड कमी करा, वेळ पडली तर आपल्या रेषेत थांबून जा, पाय टेकवा. तुम्ही थांबलात की त्याला ठरवावं लागतं. दोघं हलत राहिलात तर दोघं एकाच बाजूला जाता.

रस्त्याचं म्हणाल तर डीपी रोड बेस्ट. कर्वेनगरातून राजाराम पुलाच्या बाजूला उतरा, तिथून नदीच्या कडेने डीपी रोडने म्हात्रे पुलाच्या टोकापर्यंत, मग पुलावर न जाता डावीकडे नळस्टॉप. तिथे कर्वे रोड सिग्नलला शांतपणे ओलांडायचा, घाई नको, आणि लॉ कॉलेज रोडला लागलात की उजवीकडच्या प्रभात रोडच्या कुठल्याही गल्लीत शिरा. झाडी आहे, स्पीड नाही, फक्त वनवेच्या पाट्या बघत चला. पुढे भांडारकर रोडने गुडलक चौक, डेक्कन, आणि जंगली महाराज रोड. अंतर थोडं वाढेल, पण डोकं शांत राहतं. येताना फर्ग्युसन रोड वनवे तुमच्या बाजूचा आहेच, डेक्कनपासून परत गल्ल्या धरा. धो धो पाऊस लागला तर हट्ट करू नका, मेट्रोत सायकल नेऊ देतात, गर्दीची वेळ टाळून नळस्टॉप ते संभाजी उद्यान.

जुनापुणेकर

पायडल यांनी सांगितलेला रस्ता उत्तम, फक्त डीपी रोडला दोन्ही बाजूंनी लग्नाची लॉन्स आहेत हे ते विसरले. तिथीच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर वरात, घोडा, बँड आणि जागा मिळेल तिथे लावलेल्या गाड्या. कॅलेंडरवर मुहूर्त बघून ठेवा आणि त्या दिवशी येताना कर्वे रोडनेच या, उशीर परवडला.